टर्कीचं हाड आणि चष्म्याचा नंबर

उन्हात पडून राहिलेली प्लास्टिकची खुर्ची आपण सर्वांनीच पाहिलेली असते. चार-दोन उन्हाळे गेले की तिचा रंग उडतो, हात फिरवला की पांढरी भुकटी लागते आणि एक दिवस ती बसणाऱ्यासकट मोडते. प्लास्टिक म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. उन्हातले अतिनील किरण त्या साखळ्या तोडतात, हवेतला ऑक्सिजन त्याला हातभार लावतो. उन्हाला या कामासाठी वर्षं लागतात. लेसरनं साखळ्या तोडण्याचं काम सेकंदाच्या काही अब्जांश भागात करून दाखवलं. त्याचीच ही हकिकत, आणि ती आपल्या डोळ्यांपर्यंत येऊन पोचते.

पहिला लेसर 1960 साली चालला. धातू कापायला तो लवकरच उपयोगी पडला, पण प्लास्टिकवर धरला की बहुधा वितळणं आणि काजळी हाती लागे. पुढे 1970 च्या दशकात एक्सायमर लेसर आले. त्यातल्या अरगॉन आणि फ्लोरीनच्या मिश्रणावर चालणाऱ्या लेसरची तरंगलांबी 193 नॅनोमीटर असते. अशा प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा 6.4 इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते. कार्बन-कार्बनचा साधा बंध तोडायला साधारण 3.6 पुरतात.

अमेरिकेत यॉर्कटाउन हाइट्स इथं आयबीएमची संशोधन प्रयोगशाळा आहे. तिथं रंगास्वामी श्रीनिवासन हे रसायनशास्त्रज्ञ काम करत. शिक्षण मद्रास विद्यापीठात, डॉक्टरेट अमेरिकेत. त्यांनी हा प्रकाश पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मवर सोडला. प्रत्येक झोताबरोबर फिल्मचा मायक्रॉनच्या अंशाएवढा थर उडून जाई. कडा सुबक राहत, आजूबाजूला भाजल्याची खूण नसे. प्रकाश इतक्या वरच्या थरात शोषला जातो की तुटलेले तुकडे उष्णता घेऊनच बाहेर फेकले जातात, खाली झिरपायला ती फारशी उरत नाही. कंपनीला यात रस होता तो चिप आणि सर्किटच्या बारीक कामासाठी.

आता टर्कीची गोष्ट. थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीत अमेरिकेत घरोघरी टर्की पक्षी शिजतो. 1981 च्या मेजवानीनंतर, 27 नोव्हेंबरला, श्रीनिवासन उरलेली टर्की प्रयोगशाळेत घेऊन आले आणि हाड-कूर्चेवर तोच लेसर चालवला. तिथंही तसाच स्वच्छ छेद. सहकारी सॅम्युअल ब्लम आणि जेम्स वाइन यांनी मानवी रक्तवाहिनीच्या तुकड्यावर 193 नॅनोमीटरचा आणि हिरव्या प्रकाशाचा लेसर वापरून तुलना केली. हिरव्यानं ऊती करपली, अतिनीलानं नाही. ऊतींमधली प्रथिनंही शेवटी पॉलिमरच, फक्त निसर्गानं विणलेली.

ही गोष्ट सांगताना बहुतेक लोक टर्कीवरच थांबतात. मला ते अपुरं वाटतं. उरलेलं अन्न त्या दिवशी लाखो घरांत होतं. ज्याच्या हाताशी फिल्मवरचे प्रयोग होते आणि शेजारी विचारायला दोन माणसं होती, त्यालाच त्या हाडात प्रश्न दिसला.

1983 मध्ये न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल त्यांच्याबरोबर आले आणि जनावरांच्या डोळ्यांच्या पारपटलावर प्रयोग झाले. पारपटल किंचित तासून त्याचा बाक बदलला की चष्म्याचा नंबर बदलतो. एका झोतात मायक्रॉनच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढा थर जात असेल, तर इतकं नाजूक तासकाम शक्य होतं.

पण माणसाच्या दिसत्या डोळ्यावर पहिल्यांदा हात कोण टाकणार? 1988 मध्ये अमेरिकेतल्या मार्गरिट मॅकडोनाल्ड यांनी ती शस्त्रक्रिया केली. रुग्ण होती कर्करोग झालेली एक स्त्री. तिचा डोळा काढावाच लागणार होता. काढण्याआधी त्यावर प्रयोग करू द्यायला ती तयार झाली. 1995 साली अमेरिकी सरकारनं या उपचाराला परवानगी दिली. आज लॅसिकमध्येही पारपटल तासण्याचं काम मुख्यतः हाच प्रकाश करतो.

दरम्यान शास्त्रज्ञांत वाद पेटला होता. बंध थेट प्रकाशानं तुटतात, यावर श्रीनिवासन यांचा भर होता. इतरांचं म्हणणं, खरं काम उष्णतेचं. पॉलिइमाइडवर जास्त लांबीच्या तरंगांनी केलेल्या प्रयोगांत उष्णतेचा वाटा मोठा निघाला. कुणाचा वाटा किती, हे तरंगलांबी, झोताचा काळ आणि पदार्थ यांवर ठरतं. शोध खरा ठरला, पण त्याचा पहिला अर्थ सगळीकडे लागू पडला नाही. यात कमीपणा काहीच नाही.

आपल्याकडे मुलगा किंवा मुलगी मूलभूत विज्ञानाकडे वळली की घरात पहिला प्रश्न येतो, याचा उपयोग काय? 1980 साली प्लास्टिकच्या फिल्मला भोकं पाडणाऱ्याला हे विचारलं असतं, तर त्यानं चष्म्याचं नाव घेतलं नसतं.

2013 मध्ये ओबामांच्या हस्ते झालेल्या समारंभात श्रीनिवासन, ब्लम आणि वाइन या तिघांना राष्ट्रीय पदक जाहीर सन्मानानं देण्यात आलं. ते त्यांचं हक्काचंच होतं. मला मात्र ती स्त्री आठवत राहते. ज्या डोळ्याला स्वतःला काही मिळणार नव्हतं, तो तिनं इतरांच्या नजरेसाठी देऊ केला.