‘मानवी चूक’, पण कोणत्या मानवाची?

१/ १६ जुलै २०२१. जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी एक प्रशिक्षण विमान कोसळले. विमान धुळे जिल्ह्यातील शिरपूरच्या संस्थेचे होते. प्रशिक्षकाचा मृत्यू झाला, शिकाऊ वैमानिक जखमी झाली. मदतीला प्रथम धावले ते परिसरातील आदिवासी ग्रामस्थ.

२/ विमान नागरी असल्याने चौकशी विमान अपघात अन्वेषण विभागाकडे गेली. अशा चौकशीचा अंतिम अहवाल जनतेसाठी प्रसिद्ध होतो. परंतु हेच विमान लष्करी असते तर? १९४४ च्या शिकागो करारातून लष्करी विमाने वगळलेली आहेत. त्यांच्या अपघाताची चौकशी ते सैन्यदलच करते आणि अहवाल सहसा बंदच राहतो.

३/ या बंद दाराची किंमत मिग-२१ च्या इतिहासात दिसते. हे विमान १९६३ मध्ये वायुदलात आले. पुढे खानदेशाच्या शेजारीच, नाशिकजवळच्या ओझर येथे, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ते बनू लागले.

४/ मंद गतीच्या प्रशिक्षण विमानावरून नवखा वैमानिक थेट या अतिवेगवान विमानावर जाई. मधली पायरीच नव्हती. १९८२ मध्ये ला फाँतेन समितीने प्रगत जेट प्रशिक्षण विमानाची शिफारस केली. ‘हॉक’चा करार झाला २००४ मध्ये आणि विमान दाखल झाले २००८ मध्ये!

५/ दरम्यान १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचे मिग-२१ कोसळले. वैमानिकाला दिशाभ्रम झाला, असा निष्कर्ष निघाला. आई कविता गाडगीळ यांनी तो स्वीकारला नाही. मिगच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्यांनी वर्षानुवर्षे जाहीरपणे लावून धरला.

६/ २००५ मध्ये संजीत सिंग कैला यांच्या मिगला हवेत आग लागली. ते वाचले, पण पाठीचा कणा दुखावला. दोष कारागिरीतील होता, हे माहितीच्या अधिकारातून पुढे आले. २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना ५५ लाख रुपयांची भरपाई दिली. सुरक्षित साधनांनिशी काम करण्याचा हक्क सैनिकालाही आहे, हे त्या निकालाचे सार.

७/ २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले: घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत नष्ट झाली. १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत्युमुखी पडले. कारणे दोन: मानवी चूक आणि तांत्रिक बिघाड.

८/ पण सदोष जोडकाम करणारा हातही मानवीच, आणि शिफारशीची फाइल २२ वर्षे रखडवणारा हातही मानवीच. ‘मानवी चूक’ हा शब्द मात्र बहुधा वैमानिकाच्याच नावापुढे लिहिला गेला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ निवृत्त झाले. त्याच्या अपघातांचे अहवाल अद्याप बंद कपाटातच आहेत.