तळटीप : वागळे इस्टेट आणि स्वकर्म

वागळे इस्टेट : ठाण्यातील औद्योगिक वसाहत. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या अगदी आरंभीच्या वसाहतींत हिची गणना होते. मूळ ग्रंथात ‘स्वकर्म’ म्हणजे वाट्याला आलेले व मनापासून स्वीकारलेले काम, या संकल्पनेचे उदाहरण म्हणून तिचा उल्लेख आला आहे. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात स्वकर्म हीच ईश्वराची पूजा मानली आहे, आणि अरणच्या सावता माळ्याला मळ्यातच विठ्ठल भेटला, अशी वारकरी परंपरेची श्रद्धा आहे. परंतु माळ्याला आपण लावलेले रोप वाढताना दिसते, तर यंत्रावर एकच सुटा भाग दिवसभर घडवणाऱ्या कामगाराला पूर्ण वस्तू क्वचितच दिसते, हा भेद ग्रंथकाराने पुरेसा लक्षात घेतलेला नाही. हॅना आरेण्ट या विचारवंत स्त्रीने १९५८ सालच्या आपल्या ग्रंथात पोटासाठी पुन्हापुन्हा करावे लागणारे श्रम आणि टिकाऊ वस्तू घडवणारी निर्मिती यांत जो फरक केला, तो येथे अधिक उपयोगी पडतो. तरीही हातातील कौशल्याचा अभिमान, पाळीतील सोबत्यांचा विश्वास आणि मुलांच्या शिक्षणाची आस यांतून कामगार त्या तुटक कामालाही अर्थ देत आला आहे, व हा अर्थ वेतनाइतकाच खरा मानला पाहिजे. पुढे वागळे इस्टेटमधील अनेक कारखाने बंद होऊन त्यांच्या जागी माहिती-तंत्रज्ञानाची कार्यालये आली, तेव्हा काम सुटलेल्या माणसाचे उत्पन्न तर गेलेच, शिवाय ‘आपण कोण’ या प्रश्नाचे त्याच्यापाशी असलेले उत्तरही गेले.