उन्हावरचा रेडिओ : मरे हिल ते पुणे

मरे हिल हे न्यू जर्सीतलं लहानसं उपनगर. त्या बाजूला राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या ते रोजच्या जाण्यायेण्यातलं. तिथल्या बेल लॅब्जमध्ये २५ एप्रिल १९५४ रोजी पत्रकारांना बोलावून एक खेळण्यातला आकाशपाळणा फिरवून दाखवला गेला. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनला शास्त्रज्ञांपुढे एक छोटा रेडिओ ट्रान्समीटर चालवून दाखवला. दोन्हींत बॅटरी नव्हती, होते ते सिलिकॉनचे सोलर सेल. म्हणजे उन्हापासून वीज करण्याच्या या संसारात रेडिओ अगदी पहिल्या पंगतीपासून आहे.

डॅरिल चॅपिन, कॅल्व्हिन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन या तिघांचं हे काम. गरज होती टेलिफोनची. दमट, उष्ण प्रदेशात कोरडे सेल लवकर खराब होत (कोकणातल्या पावसाळ्यात टॉर्च उघडून पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको), म्हणून चॅपिनला दुसरी काही सोय हवी होती. एक इंजिनियर, एक रसायनवाला, एक भौतिकीवाला. त्यांच्या सेलची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती आणि किंमत भयंकर. वर्तमानपत्रांनी मोठमोठे मथळे दिले, पण घराघरात वापरण्यासारखं त्यात तेव्हा काही नव्हतं.

मला या विषयाची गोडी लागली ती इथे ग्रॅड स्कूलमध्ये. एका कोर्ससाठी चौघांच्या गटाने मिळून एक वस्तू करायची होती. आम्ही उन्हावर चालणारा एएम रेडिओ घेतला. एक कोरियन, एक तुर्की, एक ओहायोतल्या शेतकऱ्याचा मुलगा आणि मी. कागदावर हिशेब अगदी सोपा दिसतो. भर दुपारी एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे १०० मिलिवॅट ऊन पडतं. त्यातलं १५ टक्के हाती लागलं तरी कानाला लावायचा छोटा ट्रान्झिस्टर चार-दोन चौरस सेंटिमीटरवर चालायला हवा. सिलिकॉनचा एक सेल अर्धा व्होल्ट देतो, तेव्हा सहा सेल ओळीने जोडले की ३ व्होल्ट झाले. कामं वाटून घेतली : वीज तुर्की मित्राकडे, रेडिओ कोरियन मित्राकडे, पेटी ओहायोकडे, आणि मोजमाप व अहवाल माझ्याकडे.

प्रत्येकाचा भाग वेगवेगळा उत्तम चालला. एकत्र जोडले तेव्हा स्टेशनऐवजी नुसती खरखर ऐकू आली. व्होल्टेज स्थिर ठेवणारं सर्किट सेकंदाला लाखभर वेळा चालू-बंद होत होतं, आणि तोच गोंगाट एएमच्या पट्ट्यात जाऊन बसत होता. वीजवाल्याच्या दृष्टीने सर्किट निर्दोष होतं, रेडिओवाल्याच्या दृष्टीने ते शेजारी लावलेलं दुसरं, शत्रूचं स्टेशन! शेवटी ते काढून सेल थेट जोडले आणि एक मोठा कपॅसिटर बसवला. मग पेटीचा तिढा. वरच्या सुरेख हँडलची सावली दुपारी तीनच्या सुमारास नेमकी एका सेलवर पडे. सेल ओळीने जोडलेले, त्यामुळे एक झाकला की सगळ्यांचा प्रवाह आटतो, आणि रेडिओ मुका. हँडल बाजूला गेलं. बॅटरीवरच्या रेडिओत यातलं काहीच झालं नसतं, कारण वीज मुबलक असली की शेजाऱ्याने काय केलं याची चौकशी करावी लागत नाही. मोजून-मापून मिळणारी वीज चौघांना एका टेबलाशी बसवते. नंतर सॉफ्टवेअरमध्ये इतकी वर्षं काढली, पण इतकं चांगलं टीमवर्क मला कुठल्या ट्रेनिंगने शिकवलं नाही.

आता वरच्या मजल्यावर जाऊ. उपग्रह म्हणजे तरी काय? मुळात उन्हावर चालणारा रेडिओच, फक्त दुरुस्तीला हात पोचत नाही असा. १७ मार्च १९५८ ला अमेरिकेने सोडलेला व्हॅनगार्ड-१ हा जेमतेम दीड किलोचा गोळा. क्रुश्चेव्हने त्याची ‘ग्रेपफ्रूट’ म्हणून टर उडवली होती. कार्यक्रम नौदलाचा, आणि या नव्या सेलवर नौदलाचा भरवसा नव्हता. लष्कराच्या सिग्नल कोअरमधल्या हान्स झिग्लरने मात्र ते बसवाच म्हणून पिच्छा पुरवला. अखेर तडजोड झाली : एक ट्रान्समीटर बॅटरीवर, दुसरा सहा सोलर सेलवर. बॅटरीवरचा १० मिलिवॅटचा, तो जून १९५८ मध्ये गप्प झाला. उन्हावरचा निम्म्या ताकदीचा, तो मे १९६४ पर्यंत बोलत राहिला. गोळा मुका होऊन आजही पृथ्वीभोवती फिरतो आहे. माणसाने कक्षेत सोडलेल्या वस्तूंपैकी आज वर असलेली ही सर्वांत जुनी.

यानंतरची पुष्कळ वर्षं उपग्रह हे सरकारांचं आणि बड्या कंपन्यांचं काम राहिलं. काही हौशी हॅम मंडळी आणि थोडी विद्यापीठं एवढाच अपवाद. १९९९ साली स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्ज आणि कॅल पॉलीचे जॉर्डी प्विग-सुआरी यांनी एक साधा ठोकळा सुचवला : १० सेंटिमीटरचा घन, वजन किलोभर, नाव क्यूबसॅट. हेतू अगदी मास्तरकीचा होता. विद्यार्थ्याने आपल्या शिक्षणाच्या काळातच उपग्रह आखावा, बांधावा आणि वर गेलेला पाहावा. आकार ठरवताना ट्विग्जनी बीनी बेबी ही खेळणी ठेवायचा प्लॅस्टिकचा डबा समोर धरला होता, ही गोष्ट इकडे बरीच प्रसिद्ध आहे.

हा ठोकळा पुण्यात पोचला. १८५४ साली स्थापन झालेल्या कॉलेज ऑफ इंजिनियरिंगमधल्या, आपल्या सीओईपीच्या, विद्यार्थ्यांनी २००८ च्या सुमारास स्वतःचा उपग्रह करायला घेतला. नाव ‘स्वयम्’. काम दोन : एका हॅम केंद्राचा निरोप घेऊन तो दुसऱ्याकडे पोचवणं, आणि अंतराळात तोंड कुठे करायचं ते वीज न खर्चता ठरवणं. हे दुसरं मला फार आवडतं. होकायंत्राची सुई जशी वळते तसा आत बसवलेला चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धरून उपग्रहाला वळवतो. त्याला ना मोटर लागते, ना वीज. हा काटकसरीपणा कशासाठी, तर हिशेब पाहा. १० सेंटिमीटरच्या एका बाजूवर अंतराळात सुमारे साडेतेरा वॅट ऊन पडतं; उत्तम सेल लावूनही हाती येतात दोन-तीन वॅट. पृथ्वीभोवतीची फेरी सुमारे ९५ मिनिटांची, आणि त्यातला साधारण तिसरा हिस्सा सावलीत. बाथरूममधल्या नाइटलँपइतक्या विजेत कॉम्प्युटर, रेडिओ, बॅटरी चार्ज करणं, सगळं भागवायचं!

पण त्याहून कठीण हिशेब माणसांचा होता. इंजिनियरिंग चार वर्षांचं, काम आठ वर्षं चाललं. म्हणजे सुरुवात करणाऱ्यांनी डिग्री घेतली, नोकरी धरली, कित्येकांनी आपल्यासारखं विमान पकडलं असेल, आणि त्यांच्या हातचं सर्किट त्यांनी कधी न पाहिलेल्या मुलांच्या हाती गेलं. दुसऱ्याने सोडून गेलेला प्रोग्रॅम ज्यांनी कधी निस्तरला आहे त्यांना यातली मेख कळेल. ट्विग्जचा मूळ हेतू पुण्यात अक्षरशः फळला नाही, हे खरं. मला विचाराल तर आठ वर्षांत एकदाही ते काम बेवारस पडलं नाही हेच जास्त अवघड होतं.

२२ जून २०१६ रोजी सकाळी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ सुटला. त्या एका अग्निबाणावर २० उपग्रह होते. मुख्य कार्टोसॅट, चेन्नईच्या सत्यभामा विद्यापीठाचा एक, आणि अमेरिकेचे तेरा. त्यांतले बारा सॅन फ्रान्सिस्कोच्या प्लॅनेट कंपनीचे, क्यूबसॅटच्याच घराण्यातले, आणि एक गूगलच्या त्या वेळच्या टेरा बेला कंपनीचा. कॅलिफोर्नियातून निघालेली कल्पना पुण्याला गेली आणि कॅलिफोर्नियाचे उपग्रह आंध्रच्या किनाऱ्यावरून तिच्याच शेजारी बसून वर गेले. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ही गेला. तो दहा किलोचा, आयनांबरातले इलेक्ट्रॉन मोजणारा. त्याची कथा निराळी आणि तितकीच लांब.

स्वयम् वर जाण्याआधी चार-सहा वर्षं कॉलेज सोडलेल्या मुलांना आपल्या कुठल्या खुणा त्यात राहिल्या हे नेमकं माहीत असेल. आपल्या पिकनिकला दर वर्षी चार-दोन सीओईपीवाले असतातच. त्यांच्यात त्या पहिल्या तुकड्यांतलं कुणी असेल, तर त्यांनी पुढच्या पुरवणीसाठी संपादकांकडे जरूर लिहावं. कुठला सेल कुठे आणि का लावला, कुठलं सर्किट काढून टाकलं, पुढच्यांसाठी वहीत काय लिहून ठेवलं, अगदी बारीकसारीक तपशिलासह.