व्यसनतीव्रता निर्देशांक

व्यसनी रुग्णाची सर्वांगीण माहिती घेऊन त्याच्यापुरता उपचार आखण्यासाठी वापरली जाणारी मुलाखतपद्धती. ‘ॲडिक्शन सिव्हेरिटी इंडेक्स’ या नावाने ती जगभर ओळखली जाते. ए. थॉमस मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात ती तयार केली आणि १९८० मध्ये प्रसिद्ध केली.

रोज किती पितो, एवढ्यावरून माणसाला काय हवे ते कळत नाही. म्हणून सुमारे तासाभराच्या या मुलाखतीत सात अंगांची चौकशी होते : शरीरप्रकृती, नोकरी व उत्पन्न, दारू, इतर मादक पदार्थ, पोलीस-कोर्टाच्या भानगडी, कुटुंब व नातीगोती आणि मानसिक स्थिती. गेल्या ३० दिवसांत घरच्यांशी किती दिवस मोठी भांडणे झाली, कामावर किती दिवस गेलात, असे नेमके प्रश्न असतात. प्रत्येक विभागाच्या शेवटी रुग्णाला विचारले जाते की या गोष्टीचा त्याला किती त्रास होतो आणि त्यावर मदत किती गरजेची वाटते. उत्तर तो स्वतः ० ते ४ या मोजपट्टीवर देतो. या पद्धतीचा खरा मोठेपणा इथे आहे. आपल्या उपचाराचा क्रम ठरवण्यात रुग्णालाही आवाज मिळतो. एकाच प्रमाणात पिणाऱ्या दोघांपैकी एकाला आधी नैराश्यावर औषध लागते, दुसऱ्याला आधी रोजगार, हे मग कागदावर स्पष्ट दिसते.

मॅक्लेलन यांच्याच गटाने १९८३ मध्ये एक महत्त्वाचे निरीक्षण मांडले. मानसिक त्रास कमी असलेले रुग्ण कोणत्याही उपचार-कार्यक्रमात सुधारत, तीव्र त्रास असलेले कुठेच फारसे सुधारत नसत. मधल्या गटाला मात्र योग्य ठिकाणी पाठवल्याने फरक पडे. त्यांच्याच १९९७ च्या अभ्यासात नोकरी, कुटुंब किंवा मानसिक आरोग्याच्या ठळक अडचणींवर त्या त्या तज्ज्ञांची किमान तीन सत्रे देण्यात आली. अशा रुग्णांनी उपचार अर्धवट सोडण्याचे प्रमाण कमी राहिले आणि सहा महिन्यांनंतरची स्थितीही अधिक चांगली होती.

त्याच वर्षी ‘प्रोजेक्ट मॅच’चे निष्कर्ष आले. दारूच्या व्यसनाच्या १,७२६ रुग्णांवरील या चाचणीत, रुग्णाची वैशिष्ट्ये पाहून तीनपैकी योग्य समुपदेशनपद्धती निवडण्याचा फायदा अपेक्षेच्या मानाने फारच थोडा दिसला. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले तर समुपदेशनाचा प्रकार जुळवण्यापेक्षा प्रत्यक्ष अडचणीवर मदत पोचवणे अधिक मोलाचे ठरते.

पण ती मदत पोचायला हवी. अनेक केंद्रांत फॉर्म भरला जातो आणि फायलीत पडून राहतो. ही रुग्णाची मोठी उपेक्षा आहे, कारण त्याने तासभर मन मोकळे केलेले असते. यावर उपाय म्हणून फिलाडेल्फियात मुलाखतीतील अडचणींना शहरातील मोफत वा स्वस्त सेवांच्या संगणकीय यादीची जोड देण्यात आली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ती यादी वापरणाऱ्या समुपदेशकांचे उपचार-आराखडे रुग्णांच्या गरजांशी अधिक जुळले, आणि रुग्णही उपचारात अधिक टिकले.

जिथे तासभराची मुलाखत परवडत नाही तिथे छोट्या चाचण्या उपयोगी पडतात. गोव्यात ‘संगथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ चाचणी वापरली. ४० पैकी १२ ते १९ गुण, म्हणजे घातक पातळीचे मद्यपान असलेले ३७७ पुरुष निवडले गेले. निम्म्यांना नेहमीच्या उपचारासोबत, वैद्यकीय पदवी नसलेल्या पण प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांकडून जास्तीत जास्त चार भेटींत मदत मिळाली. तीन महिन्यांनी त्यांच्यातील ३६ टक्क्यांचे गुण आठच्या खाली आले. दुसऱ्या गटात हे प्रमाण २६ टक्के होते.