हृदयारोग्याच्या जाणिवेचा इतिहास : दोन मराठी आत्मपर ग्रंथांच्या आधारे

उतारवयातील हृदयाचे आरोग्य हा विषय सामान्यतः वैद्यकशास्त्राच्या कक्षेतील मानला जातो. तथापि, वार्धक्यातील हृदयाची स्थिती तारुण्यात व मध्यमवयातच घडत असते, ही जाणीव समाजात केव्हा व कशी रुजली, हा प्रश्न इतिहासाचाही आहे. प्रस्तुत निबंधात दोन मराठी ग्रंथांच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे १६ जानेवारी १९०१ रोजी हृदयविकाराने निधन झाले. वयाची ५९ वर्षे पूर्ण होण्यास दोन दिवस उरले होते. रमाबाई रानडे यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या ग्रंथात त्यांच्या अखेरच्या आजाराची हकिकत लिहिली आहे. शुश्रूषा करणाऱ्या पत्नीच्या नजरेतून लिहिलेली ही हकिकत वैद्यकाच्या इतिहासाचेही एक अस्सल साधन आहे; आपल्या अभ्यासकांनी तिच्याकडे या दृष्टीने फारसे पाहिलेले नाही, असे वाटते. त्या काळी छातीतील कळ तात्पुरती शमविणारी औषधे उपलब्ध होती. ॲमिल नायट्राइटचा उपयोग १८६७ पासून, तर नायट्रोग्लिसरीनचा १८७९ पासून ज्ञात होता. मात्र दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे रिव्हा-रॉची यांचे उपकरण १८९६ मधील, आणि स्टेथोस्कोपच्या साहाय्याने तो मोजण्याची कोरोत्कोव्ह यांची पद्धत १९०५ मधील. म्हणजेच दुखणे प्रकट होण्यापूर्वी त्याची चाहूल घेण्याचे साधन रानड्यांच्या हयातीत व्यवहारात आलेच नव्हते. पुढे १९१५ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले अवघ्या ४८ व्या वर्षी गेले. देशकार्यासाठी देह झिजविला, असा अशा मृत्यूंचा गौरव आपल्या चरित्रलेखनाने केला. तो यथार्थ असला, तरी त्यामुळे देह झिजण्याची कारणे तपासण्याची वृत्ती मागे पडली, हे नमूद करणे आवश्यक आहे.

ही कारणे तपासण्याचे काम १९४८ मध्ये अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी सुरू झाले. तेथील ३० ते ६२ वयोगटातील ५,२०९ रहिवाशांची वर्षानुवर्षे नियमित तपासणी करण्यात आली. उच्च रक्तदाब, कोलेस्टेरॉल व धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध त्यातून स्पष्ट झाला. आपल्याकडे मात्र जनमानसाचे लक्ष वेधले ते शस्त्रक्रियेने. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयरोपण केले. रुग्ण काही तासच जगला. परंतु पहिल्या हृदयरोपणानंतर तीन महिन्यांच्या आतच मुंबईत हा प्रयत्न व्हावा, ही घटना निश्चितच असामान्य होती.

दुसरा ग्रंथ डॉ. अभय बंग यांचा 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'. गडचिरोलीत कार्यरत असलेल्या व सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेल्या या डॉक्टरांना १९९५ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. आहार, व्यायाम, मनावरील ताण व ध्यान यांचा शोध त्यांनी स्वतःच्या दिनचर्येत घेतला. रमाबाईंच्या ग्रंथात आजार अखेरच्या दिवसांत दिसतो. येथे तो ताटात, कामाच्या घाईत आणि चुकलेल्या फिरण्यात, म्हणजे कितीतरी आधी दिसू लागतो. या दोन ग्रंथांमधील अंतर केवळ कालाचे नाही.

ही जाणीव पुस्तक वाचणाऱ्या वर्गापुरतीच राहिली काय? मिरचीच्या पिकासाठी परिचित असलेल्या भोकरदन तालुक्यातील धावड्यासारख्या गावाच्या संदर्भात हा प्रश्न विचारावा लागतो. शेतात राबणाऱ्यास हृदयविकार होत नाही, ही समजूत ग्रामीण भागात अद्याप आढळते. श्रमाचा लाभ नाकारता येत नाही. पण तंबाखू आणि लोणचे-पापडातील मीठ यांचा हिशेब श्रमाने फिटत नाही. शिवाय उच्च रक्तदाब बहुधा कोणतीही वेदना देत नाही. शासनाने २०१० मध्ये असंसर्गजन्य रोगांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला व पुढे तिशीवरील सर्वांच्या तपासणीचे धोरण स्वीकारले. आता उपकरण आहे, औषधही स्वस्त आहे. बरे वाटू लागताच गोळी बंद करणे आणि सुगीच्या दिवसांत तपासणी पुढे ढकलणे, या अडचणी मात्र कोणत्याही उपकरणाच्या आवाक्याबाहेरच्या आहेत.