बर्बन आणि राय व्हिस्की

बर्बन आणि राय हे अमेरिकेत तयार होणाऱ्या व्हिस्कीचे दोन प्रमुख प्रकार आहेत. बर्बनमध्ये मका हे मुख्य धान्य असते, तर राय व्हिस्कीत राय नावाचे धान्य. राय हे गहू आणि जव यांच्या कुळातील, थंड हवेत व हलक्या जमिनीत येणारे तृणधान्य आहे. फोडणीतील राईशी, म्हणजे मोहरीशी, त्याचा काही संबंध नाही. आज अमेरिकन व्हिस्की म्हटले की प्रथम बर्बनचे नाव घेतले जाते. मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच भागात पूर्वेकडील राज्यांत हा मान रायचा होता. या दोन्ही पेयांचे आजचे रूप ठरवण्यात जमीन व हवामान यांच्याइतकाच कर आणि कायद्यांचा वाटा आहे.

कायदेशीर व्याख्या

अमेरिकेच्या संघीय नियमांनुसार बर्बनच्या मिश्रणात किमान ५१ टक्के मका आणि राय व्हिस्कीच्या मिश्रणात किमान ५१ टक्के राय असावे लागते. ऊर्ध्वपातनानंतर मद्यार्काचे प्रमाण ८० टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये, कारण त्यापुढे धान्याची मूळ चव उरत नाही. पिंपात भरताना हे प्रमाण ६२.५ टक्क्यांपर्यंत आणि बाटलीत भरताना किमान ४० टक्के असावे लागते. पिंप ओकच्या लाकडाचे, कोरे आणि आतून जाळून काळे केलेले असले पाहिजे. बर्बनमध्ये रंग किंवा स्वाद मिसळण्यास मनाई आहे. किमान दोन वर्षे पिंपात मुरवलेल्या व्हिस्कीला ‘स्ट्रेट’ हे विशेषण लावता येते. अशी व्हिस्की चार वर्षांपेक्षा कमी मुरलेली असल्यास तिचे वय बाटलीवर छापणे बंधनकारक आहे.

बर्बन केवळ केंटकी राज्यातच बनते हा समज चुकीचा आहे. बहुतांश उत्पादन तेथे होत असले तरी अमेरिकेच्या कोणत्याही राज्यात बर्बन बनवता येते. देशाबाहेर बनवलेल्या मद्याला मात्र अमेरिकेत हे नाव देता येत नाही. १९६४ साली अमेरिकी काँग्रेसने एका ठरावाद्वारे बर्बनला देशाचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन म्हणून मान्यता दिली. शेजारच्या कॅनडात ‘राय’ हा शब्द तेथील व्हिस्कीसाठी सैलपणे वापरला जातो आणि तिच्यात राय धान्य प्रमुख असण्याची अट नसते.

निर्मिती आणि चव

धान्याचा भरडा पाण्यात शिजवून केलेल्या मिश्रणाला मॅश म्हणतात. बर्बनच्या मॅशमध्ये साधारणतः ७० टक्क्यांच्या आसपास मका, त्याखालोखाल राय आणि थोडे मोड आणून वाळवलेले जव असतात. जवातील विकरे पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात आणि यीस्ट त्या साखरेचे मद्यार्क बनवते. आधीच्या खेपेतून ऊर्ध्वपातनानंतर उरलेले आंबट पाणी नव्या मिश्रणात घालण्याची पद्धत ‘सावर मॅश’ या नावाने ओळखली जाते. विरजणासारखी वाटणारी ही क्रिया प्रत्यक्षात मिश्रणाची आम्लता योग्य ठेवते आणि नको असलेल्या जिवाणूंना आवर घालते. एकोणिसाव्या शतकात केंटकीत काम करणाऱ्या जेम्स क्रो या स्कॉटिश वैद्य-रसायनतज्ज्ञाने मोजमापे व नोंदी यांच्या आधारे या पद्धतीला शिस्त लावली.

मक्यामुळे गोडसर व भरीव चव येते. रायमुळे मिरी आणि लवंग यांची आठवण करून देणारा तिखटपणा व काहीसा कोरडेपणा येतो. काही बर्बनमध्ये रायऐवजी गहू वापरतात. ‘मेकर्स मार्क’ हे त्याचे परिचित उदाहरण असून तिची चव तुलनेने मऊ असते. धान्य कोणतेही असो, नुकतेच ऊर्ध्वपातन झालेले मद्य पाण्यासारखे रंगहीन असते. तांबूस रंग, व्हॅनिला, करपवलेली साखर आणि खोबरे यांचे गंध लाकडातून येतात. पिंप जाळल्याने ओकमधील लिग्निनपासून व्हॅनिलिन तयार होते, लाकडातील शर्करा करपतात आणि कोळशाचा थर मद्यातील गंधकयुक्त उग्र घटक शोषून घेतो. केंटकीतील कडक उन्हाळ्यात मद्य लाकडात शिरते व हिवाळ्यात आक्रसून बाहेर येते. यामुळे व्हिस्की स्कॉटलंडपेक्षा लवकर मुरते, पण बाष्पीभवनाने दरवर्षी तिचा काही भाग कमी होतो. या तुटीला व्यवसायात ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात.

इतिहास

युरोपातून आलेल्या, विशेषतः जर्मन, स्कॉटिश व आयरिश, वसाहतकारांनी पेनसिल्व्हेनिया व मेरीलँडमध्ये राय पिकवून त्यापासून मद्य काढण्यास सुरुवात केली. पश्चिम पेनसिल्व्हेनियातील शेतकऱ्याला धान्य घोड्यांवर लादून ॲपलेशियन पर्वत ओलांडणे परवडत नसे. तेच धान्य व्हिस्कीच्या रूपात थोड्या जागेत मावे आणि चांगली किंमत आणी. रोख पैशाची टंचाई असलेल्या त्या भागात व्हिस्की देऊन वस्तू घेतल्या जात व मजुरी चुकवली जाई. १७९१ मध्ये अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या पुढाकाराने मद्यावर अबकारी कर बसला. तो रोखीने भरायचा होता आणि त्याची रचना मोठ्या उत्पादकांना सोयीची होती, त्यामुळे लहान शेतकऱ्यांत असंतोष वाढला. १७९४ मध्ये जमावाने करअधिकारी जॉन नेव्हिल यांचे घर जाळले. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी सुमारे १३,००० सैनिकांची फौज उभारली; ती पोहोचण्यापूर्वीच उठाव विरला. देशद्रोहाबद्दल दोषी ठरलेल्या दोघांना वॉशिंग्टन यांनी क्षमा केली. हा कर जेफरसन यांच्या कारकिर्दीत, १८०२ मध्ये रद्द झाला.

याच वॉशिंग्टन यांनी १७९७ मध्ये, जेम्स अँडरसन या स्कॉटिश व्यवस्थापकाच्या सूचनेवरून, माउंट व्हर्नन येथील आपल्या इस्टेटीवर व्हिस्कीचा कारखाना सुरू केला. १७९९ मध्ये तेथे सुमारे ११,००० गॅलन मद्य तयार झाले. मिश्रणात ६० टक्के राय, ३५ टक्के मका आणि ५ टक्के जव असत. कारखान्यातील श्रम गुलामगिरीत ठेवलेली कृष्णवर्णीय माणसे करत. दक्षिणेकडील मद्यनिर्मितीतही गुलामांचे श्रम व कौशल्य वापरले गेले, परंतु त्यांची नावे क्वचितच टिकली. टेनेसीमध्ये जॅक डॅनियल यांना ही कला शिकवणारे निअरेस्ट ग्रीन हे पूर्वी गुलाम होते. त्यांचे योगदान संबंधित कंपनीने २०१६ च्या सुमारास ठळकपणे मान्य केले.

बंडात पराभूत झालेल्यांनी केंटकीत पळून जाऊन बर्बनचा शोध लावला, ही कथा लोकप्रिय असली तरी केंटकीत मद्यनिर्मिती त्याआधीच सुरू झाली होती. तेथील जमिनीत मका भरपूर येई आणि चुनखडीच्या खडकातून झिरपणारे पाणी लोहमुक्त होते. एलायजा क्रेग या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाने जळक्या पिंपाचा शोध लावल्याचे सांगितले जाते, पण त्याला समकालीन पुरावा नाही. नावाचा उगमही वादग्रस्त आहे. फ्रान्सच्या बूर्बों राजघराण्यावरून नाव पडलेली बर्बन काउंटी हा त्याचा उगम असल्याचे सामान्यतः मानतात. न्यू ऑर्लिन्समधील बर्बन स्ट्रीटवरून ते आले, असेही एक मत आहे. ओहायो व मिसिसिपी नद्यांतून पिंपे न्यू ऑर्लिन्सला जात हे मात्र निश्चित.

भेसळ आणि शुद्धतेचा वाद

यादवी युद्धानंतर अनेक घाऊक व्यापारी गंधहीन मद्यार्कात रंग आणि अर्क मिसळून ते जुनी बर्बन म्हणून विकू लागले. पिंपातून सुटी विक्री होत असल्याने ग्राहकाला खरे-खोटे ओळखणे अशक्य होते. १८७० मध्ये ‘ओल्ड फॉरेस्टर’ ही बर्बन मोहोरबंद बाटल्यांतच विकण्याचा उपक्रम सुरू झाला. केंटकीतील उत्पादक ई. एच. टेलर यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांतून १८९७ मध्ये ‘बॉटल्ड-इन-बाँड’ कायदा झाला. एकाच कारखान्यात एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीखाली किमान चार वर्षे मुरवलेली आणि ५० टक्के मद्यार्काची व्हिस्कीच हा शिक्का वापरू शकत असे. खरी व्हिस्की बनवणाऱ्यांचा व्यापारी स्वार्थ यात होताच. तरीही अमेरिकेतील ग्राहकसंरक्षणाच्या आरंभीच्या कायद्यांत त्याची गणना होते.

१९०६ च्या शुद्ध अन्न व औषध कायद्यानंतर ‘व्हिस्की’ कशाला म्हणावे हा प्रश्न थेट राष्ट्राध्यक्षांपर्यंत गेला. सरकारी रसायनतज्ज्ञ हार्वी वायली मिश्रित मद्याला हे नाव देण्याच्या विरोधात होते. विल्यम टाफ्ट यांनी डिसेंबर १९०९ मध्ये मधला मार्ग काढला: धान्याच्या मद्यार्कापासून केलेले मिश्रणही व्हिस्कीच, पण लेबलवर ‘ब्लेंडेड’ असे स्पष्ट लिहिलेले असावे.

रायची पीछेहाट आणि पुनरागमन

१९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात केवळ सहा कंपन्यांना औषधी व्हिस्की विकण्याचे परवाने मिळाले. पेनसिल्व्हेनिया व मेरीलँडमधील बहुतेक राय कारखाने पुन्हा सावरले नाहीत. मका स्वस्त होता, ग्राहकांची आवड सौम्य चवीकडे वळली होती आणि दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांना औद्योगिक मद्यार्क बनवावा लागला. ‘ओल्ड ओव्हरहोल्ट’सारखी पेनसिल्व्हेनियातील जुनी रायदेखील पुढे केंटकीत बनू लागली. १९७० च्या दशकात व्होडकाच्या लाटेत बर्बनचाही खप घसरला. एल्मर ली यांनी १९८४ मध्ये आणलेल्या ‘ब्लँटन्स’ या एकाच पिंपातील बर्बनने तिला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. एकविसाव्या शतकात जुन्या कॉकटेलांबरोबर रायही परतली. अनेक नव्या ब्रँडांची राय इंडियाना राज्यातील लॉरेन्सबर्ग येथील एकाच मोठ्या कारखान्यातून येते, ही बाब बाटलीच्या दर्शनी बाजूवर सहसा आढळत नाही.

भारताशी संबंध

बर्बनसाठी एकदा वापरलेले पिंप पुन्हा वापरता येत नसल्याने ते स्कॉटलंड, आयर्लंड आणि भारतातही विकले जाते. गोव्यातील ‘पॉल जॉन’ व बंगळुरूमधील ‘अमृत’ या सिंगल माल्ट व्हिस्की मुरवण्यासाठी अशी पिंपे वापरतात. भारतात व्हिस्की म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच मद्यात मात्र उसाच्या मळीचा मद्यार्क असतो. अमेरिका आणि युरोपीय संघात अशा मद्याला व्हिस्की म्हणता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारताने बर्बनवरील आयातशुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्के केले.