‘हॉज’ची प्रतिमा आणि जोसेफ आर्चचे घर

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये शेतमजुराला ‘हॉज’ असे एक सामायिक नाव होते. ‘रॉजर’ या नावाचे हे बोलीतले रूप. त्यातून व्यक्तीचा नव्हे, वर्गाचा निर्देश होई; आणि त्या वर्गाविषयी लिहिणारे बहुतेक लेखक त्या वर्गाबाहेरचे होते. १८७२च्या नोव्हेंबरात रिचर्ड जेफरीजने ‘द टाइम्स’ला पत्रे लिहून विल्टशरच्या मजुराचे जे चित्र रेखाटले, ते शेत कसवून घेणाऱ्याच्या बाजूने पाहिलेले होते, जेफरीज स्वतः शेतकऱ्याचा मुलगा होता. उलट, १८८३ मध्ये ‘लाँगमन्स मॅगझीन’मधील डॉर्सेटच्या मजुरांवरील लेखात टॉमस हार्डीने या सामायिक प्रतिमेलाच हरकत घेतली. या माणसांत काही काळ राहणाऱ्याला ‘हॉज’ सापडत नाही, भिन्न स्वभावांच्या व्यक्ती सापडतात, असे त्याचे प्रतिपादन होते. तथापि या दोघांत कितीही अंतर असले तरी दोघांच्याही लेखनात मजूर हा विषय आहे, निवेदक नाही.

तो निवेदक म्हणून येतो १८९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जोसेफ आर्चच्या आत्मचरित्रात. वॉरिकशरमधील बारफर्ड या खेड्यात १८२६ साली आर्चचा जन्म झाला. वयाच्या नवव्या वर्षी तो शेतावर पाखरे राखू लागला; बारा तासांची मजुरी चार पेन्स. लिहिणेवाचणे त्याला मुख्यतः आईने शिकवले. पुढे कुंपणे छाटण्याच्या कामात तो निष्णात झाला आणि प्रिमिटिव्ह मेथडिस्ट पंथाचा प्रवचनकारही झाला. लहानपणी चर्चच्या दाराच्या किल्लीच्या भोकातून त्याने प्रभुभोजनाचा विधी पाहिला होता. आधी जमीनदार, मग शेतकरी, त्यानंतर दुकानदार व कारागीर, आणि सर्वांत शेवटी मजूर. त्या मजुरांत त्याचा बाप होता. वर्गव्यवस्थेचा हा पाठ त्याला कोणत्याही ग्रंथातून मिळालेला नाही, ही गोष्ट त्याच्या निवेदनाचे बळ समजण्यास महत्त्वाची आहे.

७ फेब्रुवारी १८७२ रोजी वेल्सबोर्न येथे चेस्टनटच्या झाडाखाली त्याने सभा घेतली. थोडेसेच लोक येतील अशी अपेक्षा असताना सुमारे दोन हजार मजूर कंदिलांच्या उजेडात जमले. त्या भागात आठवड्याची मजुरी बारा शिलिंगांच्या आसपास होती; मागणी झाली सोळांची. त्याच वर्षी मेमध्ये लेमिंग्टन येथे शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि दोन वर्षांत तिची सभासदसंख्या ऐंशी हजारांवर गेली. १८७४ मध्ये पूर्वेकडील परगण्यांतील मालकांनी सभासदांना कामावरून बंद केले, तेव्हापासून तिला ओहोटी लागली. १८८४च्या कायद्याने खेड्यातील कुटुंबप्रमुख पुरुषांना मताधिकार मिळाला आणि १८८५ मध्ये आर्च वायव्य नॉरफकमधून पार्लमेंटवर निवडून गेला.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. आर्चला ‘सामान्य’ मजूर म्हणता येईल काय? त्याच्या आत्मचरित्रातच याचे उत्तर दडलेले आहे. बारफर्डमधील त्याचे घर कुटुंबाच्या स्वतःच्या मालकीचे होते. असंख्य मजुरांची घरे मालकाची असत. काम सुटले की छप्परही सुटे. हार्डीने वर्णिलेली, दरवर्षी ६ एप्रिलला सामानसुमान गाडीवर लादून दुसऱ्या शेतावर जाणारी कुटुंबे या व्यवस्थेचीच होती. आर्चचा निर्भीडपणा त्याचा स्वतःचा होता हे खरेच. परंतु तो बोलल्यामुळे त्याच्या बायकापोरांना कोणी रस्त्यावर काढू शकत नव्हते. ज्याच्याविषयी आपल्याला जाणून घ्यावयाचे आहे त्या मजुराचे मौन हे बुद्धिमांद्याचे लक्षण नसून त्याच्या निवाऱ्याच्या अटींचा परिणाम होते, असे म्हणावे लागते. ‘हॉज’ या प्रतिमेने नेमकी हीच गोष्ट झाकली. परिस्थितीने लादलेले मौन तिने स्वभाव म्हणून दाखविले.

दुसरी मर्यादा संहितेची आहे. या आत्मचरित्राचे संपादन व प्रस्तावना वॉरिकच्या काउंटेसची आहे. जमीनदार वर्गातील एका स्त्रीच्या हातून मजुराचा शब्द छापखान्यात पोहोचला. केवळ यामुळे तो अविश्वसनीय ठरत नाही. कारण पाद्री व जमीनदार यांच्यावरील त्याचा रोष संपादनानंतरही शिल्लक आहे. परंतु ‘तळाचा आवाज’ म्हणून तो सरसकट स्वीकारणेही योग्य नव्हे. सामान्य माणसाचा इतिहास लिहिणाऱ्याने ‘तो काय बोलला’ याबरोबरच ‘त्याला बोलणे कशामुळे शक्य झाले’ हेही विचारले पाहिजे. आर्चपुरते पाहता त्या उत्तरात बारफर्डचे ते छोटे घर टाळता येत नाही. १९१९ मध्ये त्याचा मृत्यू झाला तोही बारफर्डमध्येच.